आचारी निघाला तेव्हा

ठमीला दात येत होते आणि सगळं घर तिच्या हिरड्यांच्या तालावर नाचत होतं. दुपारी ती पाळण्यात निजली, की तिची आई लॅपटॉप उघडायची आणि समुद्रकाठच्या एका रिसॉर्टची मालकीण व्हायची.

खेळ कुठल्याशा दोन मैत्रिणींनी मिळून बनवलेला, साधासुधा. अर्धा वेळ खोल्या आवरायच्या, पाहुण्यांना काय हवं-नको ते बघायचं. उरलेला वेळ चित्रातल्या माणसांशी गप्पा. ती माणसं काहीतरी बोलणार, खाली दोन-तीन उत्तरं उमटणार, त्यातलं एक आपण निवडायचं, की गोष्ट त्या वाटेने पुढे. खऱ्या घरात आवरलेली खोली डोळ्यांदेखत विस्कटायची. तिथे अंथरलेली चादर अंथरलेलीच राहायची. नुसती ती चादर बघूनसुद्धा तिला धन्य वाटे.

आणि तिथे आचारी होता. मिशाळ, तिरसट, कोणाशी धड न बोलणारा. पण रोज सकाळी तिला तेवढं विचारायचा, ‘झोप झाली का, मालकीणबाई?’ घरीदारी सगळे ठमीची चौकशी करत. तिची करणारा हा एकटाच.

त्या दुपारी आचारी पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ‘मी संध्याकाळच्या बोटीने निघतो.’ खाली उत्तरं उमटली: ‘थांबा ना’, ‘का निघालात?’, ‘जा, मी अडवणार नाही’. आणि नेमकी तेव्हाच ठमी किंचाळत उठली.

लेक खांद्यावर पुन्हा पेंगली खरी, पण तिच्या अटी कडक होत्या. आईने उभंच राहायचं, डुलायचं, आणि एका हाताने थोपटत राहायचं. थोपटणं थांबलं की भोंगा. तिकडे बोटीचाही भोंगा वाजायला लागला होता. तिसऱ्या भोंग्याला आचारी जाणार. आणि मध्येच खेळ थांबवायची सोय करायला त्या मैत्रिणी बहुधा विसरल्या होत्या. त्यांना मुलंबाळं नसावीत.

सोफ्यावर सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

“आई,” ती कुजबुजली, “तेवढं एक बटण दाबता? तो चाललाय.”

सासूबाईंनी चष्मा सावरला, सगळं नीट वाचलं आणि दाबलं: ‘जा, मी अडवणार नाही.’

“अहो आई!”

“अगं, बोट चुकेल ना बिचाऱ्याची! भोंगा ऐकला नाहीस?”

आचारी मान लववून धक्क्याच्या दिशेने चालू लागला. तिचे डोळे भरून आले.

“अगोबाई, रडतेस? चित्रातला माणूस तो. त्याला धड मानसुद्धा वळवता येत नाही.”

“रोज विचारायचा मला, झोप झाली का म्हणून.”

सासूबाईंनी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “परत आणता येतो का मेल्याला?”

“येतो. रिसॉर्टच्या अंगणातला दिवा लागायच्या आत झाकण मिटा, की तो पुन्हा दारात. दिवा लागला, की आजचं सगळं पक्कं.”

सासूबाईंचा हात झाकणापर्यंत गेला आणि थांबला. “बाई बाई, तुझ्या या रिसॉर्टात केवढे टॉवेल वाळत पडलेत! एवढे उचलते नि करते बंद. पसारा टाकून उठायची सवय नाही मला.”

“राहू द्या ना, आई...”

“निळे वेगळे ठेवू का?”

पडद्यावर आभाळ नारिंगी झालं. माळी दिव्याकडे निघाला. तिने लेकीकडे पाहिलं. तोंड उघडं टाकून, आईच्या खांद्यावर लाळेचं तळं करून ठमी गाढ झोपली होती. आता उठली तर दुपार गेलीच. माळ्याने काडी ओढली.

“आई, खड्ड्यात गेले टॉवेल! बंद करा!”

लॅपटॉप फटकन मिटला. ठमीने आधी एक लांबलचक श्वास घेतला, आणि मग तो सगळाच्या सगळा वापरला.

“आण इकडे.” सासूबाईंनी नात ओढून घेतली. “तू त्याच्याकडे बघ. आणि उगाच गयावया करू नकोस. का निघालास बाबा, ते तरी विचार. तो रोज तुला विचारतो. त्याला विचारलंय का कोणी?”

तिने झाकण उघडलं. आचारी पिशवी घेऊन दारातच होता. तिने दाबलं: ‘का निघालात?’

आचाऱ्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पहिला भोंगा झाला.

‘सांगायला वेळ लागेल, मालकीणबाई. आहे तुमच्याकडे?’

ठमीचा आवाज टिपेला पोचला होता. तिने मागे वळून पाहिलं. सासूबाई नातीला घेऊन येरझाऱ्या घालत होत्या, पण मान पडद्याकडेच.

“बघतेस काय नुसती?” त्या ओरडल्या. “आहे म्हण!”