निरोपाच्या सामन्यातले तीन चेंडू

माझा धाकटा भाऊ एझरन पंधरा हंगाम विंडवर्ड बेटांच्या संघातून खेळला. डावखुरा फिरकीपटू. तीनशेच्या वर विकेट काढल्या त्याने, पण वेस्ट इंडीजच्या संघाची यादी रेडिओवर वाचली जायची, तेव्हा त्यात क्वाव हे आडनाव कधी यायचं नाही. कधी चौथा वेगवान गोलंदाज घ्यायचे, कधी एखादा कोवळा पोरगा. यादी संपली की एझरन रेडिओ बंद करायचा आणि म्हणायचा, "नेटा, भूक लागलीय." मग मी माझ्या बेकरीतला गरम पाव त्याच्यासमोर ठेवायची.

छत्तिसावं संपलं तेव्हा मात्र म्हणाला, "आता पुरे. सकाळी माझ्याआधी माझा खांदा ओरडत उठतो."

आमच्या बारुआली गावाने ठरवलं, याला असं मुकाट जाऊ द्यायचं नाही. ईस्टरच्या सोमवारी, समुद्राला लागून असलेल्या आमच्या मैदानावर, लायू गावाशी निरोपाचा सामना ठेवला. शाळेतल्या ग्लासगो टीचरांनी सहा पानांचं भाषण लिहिलं. बायकांनी सकाळपासून निरफणस भाजायला टाकले, मासे तळायला घेतले. आमचा आतेभाऊ लॉरिक बर्फ आणायला गेला, तो गेलाच.

या लॉरिकला लोकांचे आवाज काढायची खोड. आदल्या वर्षी त्याने निवड समितीचा माणूस बनून एझरनला फोन केला होता, आणि माझ्या भाबड्या भावाने बॅग भरली होती. महिनाभर मी लॉरिकला पाव दिला नाही.

सामना रंगला. शेवटची ओव्हर एझरनची, समोर लायूचा डन्स्टन, व्हॅन चालवणारा. एझरनचा फोन माझ्या एप्रनच्या खिशात होता. तीन चेंडू झाले आणि फोन वाजला.

"मिस्टर एझरन क्वाव आहेत का? मी वेस्ट इंडीज संघाचा मॅनेजर बोलतोय, ब्रिजटाउनहून."

"हो का? आणि मी इंग्लंडची राणी!" मी म्हटलं. "मेल्या, माणसं गरम पाणी पितायत इथं. बर्फ घेऊन ये आधी. नाहीतर तुझ्या आईला सांगते, जत्रेच्या दिवशी तू कुठल्या पोरीबरोबर होतास ते."

मग तो माणूस अगदी अदबीने म्हणाला, "बाई, बर्फाचं मला ठाऊक नाही. आमच्या फिरकीपटूचं बोट मोडलंय. गुरुवारी टेस्ट आहे. क्वाव उद्या सकाळपर्यंत पोहोचू शकतील का?"

मी काही बोलणार, इतक्यात लॉरिक समोरून आला. खांद्यावर बर्फाचं पोतं, दोन्ही हात पोत्याला. फोन कुठेच नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब," मी म्हटलं, "मघाचं सगळं विसरा. तो येतोय. पोहत येईल, पण येईल."

मी तशीच एप्रन सावरत खेळपट्टीपर्यंत धावले. अंपायर ओरडला, "अगं बये, सामना चाललाय!" मी त्याला बाजूला सारलं आणि एझरनच्या कानात सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, लॉरिककडे पाहिलं, बर्फाच्या पोत्याकडे पाहिलं. मग मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी गवत धरून बसला होता, वारं त्याला उडवून नेईल अशा भीतीने धरावं तसं.

"चल, ऊठ," मी म्हटलं. "बॅग भरायचीय."

"थांब. तीन चेंडू राहिलेत."

तोवर बातमी मैदानभर झाली होती. पहिले दोन डन्स्टनला दिसलेसुद्धा नाहीत. तिसरा त्याने असा भिरकावला की चेंडू थेट समुद्रात. लायूची माणसं नाचायला लागली. "हा म्हणे टेस्ट खेळणार! व्हॅनवाला मारतोय याला!" एझरन सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होता.

"माझ्या भाषणाचं काय?" ग्लासगो टीचर कागद हलवत विचारत होते.

"टीचर, आता कसलं भाषण?"

"थांब रे, सगळे 'होता' खोडून 'आहे' करतो!"

विमानतळावर त्याला डन्स्टननेच सोडलं. वाटेत दिसेल त्याला खिडकीतून ओरडून सांगत होता, "टेस्ट बॉलर आहे गाडीत! आत्ताच मी याला सिक्सर मारली!"

पहिल्या दिवशी एझरनने बावीस ओव्हर टाकल्या, एकही विकेट नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. "नेटा, समोरच्यांची नावंच केवढी मोठी गं."

"समोर डन्स्टन आहे असं समज."

"डन्स्टनने मला समुद्रात मारलं!"

"म्हणूनच सांगते. यांच्यात डन्स्टनसारखा एकही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या संघाचा कॅप्टन एझरनच्या चेंडूवर पुढे सरसावला, चुकला आणि यष्टिचीत झाला. रेडिओ ऐकत मी भट्टीतून ट्रे काढत होते. चाळीस पाव जमिनीवर, आणि मी त्यांच्यामध्ये उभी राहून रडतेय. गिऱ्हाइकांनी खालचे पाव उचलून तसेच खाल्ले. त्या डावात त्याने तिघांना बाद केलं.

निवड समितीने मग त्याला सोडलं नाही. दोन वर्षांत तो अकरा टेस्ट खेळला. त्यातली एक आमच्याच बेटावर होती, आर्नोस वेलच्या मैदानावर.

आई तोवर कधीच मैदानावर गेली नव्हती. आपण पाहिलं की पोराला मार पडतो, असा तिचा पक्का समज. या वेळी मी ऐकलं नाही. चर्चची जांभळी टोपी घालून ती पहिल्या रांगेत बसली आणि अर्धा तास डोळे मिटून प्रार्थना करत राहिली. डोळे उघडले तेव्हा एझरन आमच्या समोरच सीमारेषेवर उभा होता, उघड्या डोक्याने.

"डूडू!" ती कडाडली. "टोपी घाल! ऊन लागेल!"

डूडू हे त्याचं घरातलं नाव. आमच्या घराबाहेर ते कुणाला ठाऊक नव्हतं. एझरनने खाली मान घातली, मग खिशातून टोपी काढून निमूटपणे घातली. सारा स्टँड खदखदून हसला.

पुढची ओव्हर त्यालाच दिली. तो धावायला लागला तसा मागून कुणीतरी ओरडलं, "डूडू!" मग शंख वाजले, ढोल वाजले, आणि हजारो माणसं एका सुरात सुरू झाली: "डू-डू! डू-डू!" चेंडू पडला, वळला, आणि मधली दांडी आडवी झाली.

आईने माझा दंड घट्ट धरला. "अगं, यांना कसं कळलं त्याचं नाव?"