गोड्या पाण्यातलं स्वयंपाकघर

"दोन किलो शिसं उतरवा," रिफात तिसऱ्यांदा म्हणाला. "नाहीतर धोंड्यासारखे खाली जाल."

उफुक बेंनी कमरेचा शिशाचा पट्टा आणखी आवळला. बे म्हणजे साहेब; समुद्रकाठच्या इझमीर शहरातला माणूस, पाण्याखालचे फोटो काढण्यात नाव कमावलेला. "उस्ता, तीस वर्षं समुद्रात उतरतोय मी. आता तुमच्या डबक्यात शिकू?"

"समुद्र खारा. तो माणसाला उचलून धरतो. हे गोडं पाणी आहे, हे कुणाला धरत नाही."

"रिफात, पाहुण्याशी हुज्जत नको," शेवकेत आबी नावेतून म्हणाला. वयानं मोठा म्हणून आबी, म्हणजे दादा; नाव त्याची, हवेचे सिलिंडर त्याचे, काठावरचं हॉटेल त्याचं. रिफातचं त्यात एवढंच, की बुडालेलं गाव त्याचं होतं.

समुद्रावरचे सगळे असेच. तिथे गर्दी झाली की यांना तळी आठवतात, आणि तळ्यात उतरताना तोरा मात्र समुद्राचाच. रिफातला त्यांचा मनस्वी राग यायचा. एकवीस वर्षांपूर्वी धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा गावानं दारं आणि छपराच्या तुळया गाढवांवर लादून वर नेल्या. निघणाऱ्याच्या मागे घरातल्यांनी पाणी ओतायचं, म्हणजे त्याची पावलं परत वळतात, असा रिवाज. मागे राहणारं कुणीच नव्हतं, म्हणून रिफातच्या आईनं स्वतःच स्वतःच्या मागे तांब्याभर ओतलं. परत वळलं ते धरणाचं पाणी.

पाण्याखाली चौदा मीटरवर रिफातचं घर होतं, आता नुसत्या भिंतींचं. दगडांमधला गारा पाण्यानं कधीच खाल्ला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीचे दगड नुसते एकावर एक टेकून उभे होते. रिफातचा एकच नियम होता आणि तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा. "आमच्यात जोडे घालून घरात येत नाहीत. पायांत हे पोहायचे फिन्स आहेत ना? मग उंबऱ्याबाहेर थांबायचं." पाहुणे हसायचे, पण थांबायचे. संध्याकाळी आई विचारायची, "भिंत आहे?" तो म्हणायचा, "आहे." मग ती जेवायला बसायची.

उफुक बे उंबऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत. शिशाच्या भारानं ते उघड्या छपरातून थेट आत कोसळले, टाचा तंदूरवर, एका हातात कॅमेरा, दुसरा आधारासाठी भिंतीवर. भिंत जराही आवाज न करता, सावकाश, त्यांच्या बाजूला पडली. मग गाळ उठला आणि काही दिसेना.

चाचपडत रिफातनं त्यांना गाठलं. तोंडातली हवेची नळी सुटली होती. त्यानं स्वतःची जादा नळी त्यांच्या तोंडात कोंबली. त्यांच्या शिशाच्या पट्ट्याच्या कडीवर हात ठेवला आणि क्षणभर वाटलं, राहू दे याला इथेच. एक श्वास तो तसाच थांबला. मग कडी सोडवली आणि त्यांना कवेत घेऊन सावकाश वर आणलं.

नावेत खोकून झाल्यावर उफुक बे पहिलं वाक्य बोलले ते असं, "भिंत पडताना बटण दाबलेलं होतं. असं दृश्य जन्मात मिळत नाही."

शेवकेत आबीच्या जिवात जीव आला. "भिंतच ना? पुढच्या आठवड्यात पुन्हा रचू. याहून झकास दिसेल."

"कोण रचणार?"

"तूच की. तुझंच घर आहे."

रिफातनं पायांतले फिन्स काढून नावेच्या तळाशी टाकले.

आई ओट्यावर वाळवणाच्या मिरच्या दोऱ्यात ओवत होती. "भिंत आहे?"

"पडली."

सुई थांबली. "आपोआप?"

हो म्हणता आलं असतं. "नाही. एक पाहुणा वरून पडला आत."

"कसला पाहुणा? तू तर त्यांना बुडालेल्या मशिदीचा मनोरा दाखवतो म्हणून सांगायचास."

रिफातनं ओट्यावर सांडलेली एक मिरची उचलून तिच्या पुढ्यात ठेवली.

"किती वर्षं?"

"बारा. पण बाहेरूनच, आई. उंबऱ्याच्या आत कुणालाच..."

"चुलीपुढे मी उघड्या डोक्यानं बसायची रे," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुझा सख्खा काका खाकरल्याशिवाय तिथे येत नसे. आणि तू जगाला नेऊन उभं केलंस दारात."

दिवसभर शेवकेत आबीला आणि त्या इझमीरवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालून रिफातचं तोंड कडू झालं होतं. आता त्यातली एकही शिवी त्यांच्यासाठी उरली नाही.

सकाळी तो एकटाच स्वतःच्या होडीतून गेला. घराच्या जागी पिवळा तरंगा होता आणि त्यापासून खाली घरापर्यंत दोर; त्या गढूळ पाण्यात दुसरी वाट नव्हती. होडी तरंग्याला बांधून तो खाली उतरला, घराजवळची गाठ सोडली, वर येऊन होडीत बसला आणि दोर ओढू लागला.

"अरे, काय करतोस?" काठावरून शेवकेत आबी ओरडला. "घर सापडायचं कसं लोकांना?"

रिफात दोर ओढत राहिला. दोराचं टोक वर आलं, त्याला चिकटलेला गाळ त्यानं बोटांनी पाण्यातच धुतला. होडीला धरून ठेवणारं आता काही नव्हतं. ती हळूहळू सरकू लागली. दोर होता म्हणून बारा वर्षांत त्यानं घराची जागा ओळखायला काठावरच्या झाडाची, टेकडीची खूण कधी धरलीच नव्हती. आताही धरली नाही. मान खाली घालून तो वल्ही मारत राहिला.