खंडेनवमीचा मॅटिनी

"अण्णा, झोपलात का मेलात, तेवढं सांगा."

माणूस दचकून उठला. "झोपलोय."

"मग झोपा," भामा म्हणाली आणि टॉर्च घेऊन पुढच्या रांगेकडे वळली.

तंजावरच्या मीनलोचनी टॉकीजमध्ये गेल्या वर्षापासून हे रोजचंच झालं होतं. लायसन्सचं नूतनीकरण करताना सरकारने नवी अट घातली होती. जिथे लोक जमतात तिथे प्राणवायूचं नळकांडं, तोंडावर धरायचा मास्क आणि हाताने दाबायची रबरी पिशवी हवी. शिवाय खेळ सुटेपर्यंत ती वापरायला शिकलेला माणूस हजर हवा. माणूस म्हणून भामा ठरली, कारण तिचं लेडीज तिकीट-काउंटर सगळ्यांत आधी बंद होई आणि रिकामी बाई मालकाला बघवत नसे.

शिकायला तिला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे कमरेखाली काहीच नसलेला एक रबरी पुरुष निजवला होता. आधी हाक मारा, असं डॉक्टर म्हणाले. भामा पदर सावरून म्हणाली, "अहो, ऐकतां कां?" वर्ग हसला, पण त्या पुरुषाची छाती सगळ्यांत नीट फुगवली ती तिनेच. तिला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटली ती धास्ती. अंधारात बसलेला प्रत्येक माणूस तिला मरणाच्या बेतात दिसू लागला. घोरणारे परवडले, न घोरणाऱ्यांचं काय?

"केबल टीव्ही आल्यापासून माणसं येईनात," मालक रघुपती म्हणे. "आलेल्यांना तुम्ही उठवतां, भामाक्का."

त्या दिवशी खंडेनवमी होती. पूजेला मांडलेलं अवजार दुसऱ्या दिवशी सकाळी पुनःपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा तंजावरात सगळ्यांचा नियम. पण सुट्टीमुळे खेळ हाउसफुल्ल. तेव्हा प्रोजेक्टरची पूजा आणि पुनःपूजा रघुपतीने दहा मिनिटांत उरकली. मग तिकिटांची, मग कँटीनच्या किटलीची. शेवटी सरस्वतीपुढचं टेबल अगदी रिकामं पडलं. ते काही त्याला बरं दिसेना. त्याने नळकांडं आणून देवीपुढे मांडलं.

"कुणीतरी विश्रांती घेतली पायजे का नाही? हे वर्षभर बसूनच आहे. सगळ्यांच्या वतीनं हेच बसेल."

"आणि लागलं तर?"

"नल्ल नाळ, भामाक्का. असल्या चांगल्या दिवशी कोण मरतंय?"

नळकांड्याला झेंडूचा हार पडला, पिशवीला हळदकुंकू लागलं. मास्कवर नाकाच्या जागी चंदनाचा गोळा बसला. भामा दर रिळाला आत चक्कर मारी, बाहेर येऊन टेबल बघे, पुन्हा आत जाई. देवीपुढे ती एवढ्या वेळा उभी राहिली की रघुपतीला तिची भक्ती वाढल्यासारखी वाटली.

मध्यंतरानंतर शेवटच्या रांगेतल्या एका म्हातारीने तिचा पदर ओढला. बाईचं नाव राजम. ओरत्तनाडूहून नवऱ्याबरोबर आली होती.

"अक्का, सगळ्यांना उठवतां. यांना का नाही उठवलं?"

भामाने शेजारच्या म्हाताऱ्यावर टॉर्च मारला. त्याच्या बाजूने ती तीनदा गेली होती. त्याचे डोळे उघडे होते आणि पडद्याकडे होते.

"अहो, ऐकतां कां?"

तो ऐकत नव्हता. तिने आणि दारावरच्या रंगरावने त्याला वाटेत आडवं केलं. ती छाती दाबू लागली. पडद्यावर विनोदी नट विहिरीत पडला आणि थिएटर हसलं. आजूबाजूच्यांनी मात्र झटपट मदत केली. लोखंडाने फेफरं उतरतं म्हणून म्हाताऱ्याच्या हातात किल्ल्यांचे तीन जुडगे कोंबले. एकाने सोडा ओतला.

"रंगू, हितं दाब. थांबूं नको," म्हणून भामा धावली.

रघुपती टेबलाआड उभा राहिला. "देवीपुढचं उचलाचं नाही. पुनःपूजा उद्या सकाळी."

भामाने एका हाताने नमस्कार केला, दुसऱ्याने नळकांडं उचललं. "झाली पुनःपूजा. सरका."

मास्कच्या नळीत चंदन गेलं होतं. ते तिने पदराने कोरून काढलं, झेंडू ओरबाडला आणि पिशवी दाबली. म्हाताऱ्याची छाती वर आली. राजमने ते पाहिलं आणि नवऱ्याच्या चपला उचलून घेतल्या. चला, एवढंच म्हणाली.

गाडी एकच होती, टॉकीजच्या जाहिरातीची मेटाडोर. रंगराव ती चालवताना भोंगा लावायला विसरतो म्हणून मालकाने वायर किल्लीलाच जोडून घेतली होती. गाडी चालू झाली की भोंगा चालू. त्यामुळे भामा पिशवी दाबत होती, रंगराव एका हाताने हॉर्न वाजवत होता आणि गावभर पुकारा चालला होता, की पाचवा आठवडा, सहकुटुंब या, पोट धरून हसा. रस्त्यातली पोरं मागे धावली, आत वाकून बघितलं आणि गप्प झाली. कालव्याच्या पुलावर गाडी उडाली. भामाने मास्क सुटू दिला नाही.

इस्पितळात तरुण डॉक्टर थोड्या वेळाने बाहेर आला.

"थिएटरातच गेले होते," तो म्हणाला. मग भामाकडे वळला. "तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. पण नाकाला चंदन कशाचं?"

"खंडेनवमीचं," भामा म्हणाली.

"खोटं सांगताय," राजम डॉक्टरला म्हणाली. "पुलावर मी हात ठेवून पाहिलाय. छाती वर येत होती."

 डॉक्टर आत गेला.

दोघी बाकावर बसल्या. आपण तिसऱ्यांदा गेलो तेव्हा टॉर्च जरा खाली धरला असता तर, हे भामाला बोलायचं होतं. मांडीवरचा उजवा हात मात्र अजून आपोआप मिटत होता, उघडत होता. तिने तो पदराखाली घेतला. पदर हलू लागला. तिने त्या हातावर बसून पाहिलं. थांबेना.

राजम बघत होती. मग तिने नवऱ्याच्या चपला बाकाखाली नीट जोडून ठेवल्या आणि भामाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दाबला नाही, नुसता धरला. आत तो थोडा वेळ मिटला, उघडला, मग सावकाश मिटला. पुढे हलला नाही.

राजमने तो तरीही सोडला नाही.