धुळ्याच्या भिंतीवरची पावरी

मी पावरी बोलतेय. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर मला राग नाही. धुळ्यातल्या ज्या खोलीत मला टांगलंय, तिथली मुलंही मला 'बॅगपाइप' म्हणतात. राग त्यांचा येतो.

माझा जन्म पिंपळनेरपलीकडच्या एका पाड्यावर, जीवरामआबांच्या हातून झाला. वाळलेला दुधी भोपळा हे माझं पोट. त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आबांच्या वडिलांच्या. भोपळे फुटले, बदलले. नळ्या त्याच राहिल्या. सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवलेले. थंडीत सूर उतरला की आबा अंगठ्याने मेण जरा सरकवत आणि मार्गशीर्षातल्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात श्वास न तोडता मला वाजवत. माणसं नाचून थकायची, आबा थकत नसत.

आबा पिंपळनेरच्या एका हार्डवेअर दुकानात माल उतरवायला जातात. दुकानदाराचा मुलगा हितेंद्र धुळ्यात शिकला आणि तिथेच त्याने बँड काढला. युरोपातली शेकडो वर्षांपूर्वीची, लॅटिन आणि जुन्या इटालियनमधली गाणी तिकडचे बँड हल्ली नव्याने वाजवतात. मोबाइलवर ती ऐकून यालाही तेच सुचलं. त्यांच्याकडचं कातडी पिशवीचं वाद्य इथे मिळेना, तेव्हा याला मी आठवले. त्याने आबांच्या पाया पडून मला मागितलं.

"देवना पहिले आणी दे, दादा," आबा एवढंच म्हणाले. उत्सवाआधी मला परत पोचवायचं होतं.

त्या गाण्यांशी माझं भांडण नाही. बँडमध्ये गाणाऱ्या भूमिकाने एकदा एका गाण्याचा अर्थ वाचून दाखवला. पिकासाठी आकाशाकडे केलेली विनवणी होती ती. मला ते पाड्यावरचंच वाटलं. माझं वैर आहे हितेंद्रशी.

त्याचा श्वास दोन ओळींत संपायचा आणि दोष मला. कीबोर्ड एका सुरात, मी दुसऱ्या. भूमिका वैतागून म्हणाली, "मग आपणच हिच्या सुरात गाऊ ना. ही गाणी झाली तेव्हा कुठे कीबोर्ड होता?"

"तू गा. वाद्यांचं मी बघतो," हितेंद्र म्हणाला.

त्याने बघितलं ते असं. माझं मेण खरवडून काढलं. पाण्याचा पाइप गळला की लावतात ती लांबी वडिलांच्या दुकानातून आणली आणि कीबोर्डचा सूर जुळेल तिथे नळ्या धरून ती सांध्यांत भरली. सुकून तिचा दगड झाला. दोन दिवस मी त्याच्या सुरात रडले. मग तडे गेले आणि नुसती फुसफुस उरली. माझा आवाज त्याने आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता. तो आता कीबोर्डवर एका बोटाने वाजतो. मी पोस्टरवर असते. पोस्टरवर लिहिलंय, 'हरवलेल्या सुरांचा शोध'.

मार्गशीर्ष तोंडावर आला तेव्हा आबा बसने धुळ्याला आले. मला हातात घेतलं, सांध्यावर अंगठा फिरवला. अंगठ्याखाली काही सरकेना.

"काय करी टाकं रे हाई?"

"पक्की करी दिधी, आबा. आते कधी बिघडाव नही."

"बिघडनी तर मी नीट करतू. आते काय करू?"

घरी नवा भोपळा वाळून तयार होता. हवी होती ती फक्त नळ्यांची जोडी, आणि त्यासाठी मला फोडणं भाग होतं. पण आबांच्या घरात वाजवणाऱ्याने आपली पावरी आपल्या हाताने फोडायची नाही, असा दंडक आहे. आबांनी मला हितेंद्रपुढे धरलं. "तू फोड. नळ्या काढी दे."

"पोस्टरवर हीच शे, आबा. नाशिकना कार्यक्रम होऊ द्या. तुमले नवी बनाडाना पैसा देस."

"मंग देवले काय सांगू?"

हितेंद्रने मोबाइल काढला. मालकाच्या मुलाचं मन मोडून मला नेणं आबांना जमणारं नव्हतं. त्यांनी मला खाटेवर ठेवलं आणि ते रिकाम्या हातांनी स्टँडकडे गेले. हितेंद्रने मला पुन्हा भिंतीवर चढवलं.

उत्सवाला अजून थोडा वेळ आहे. या खोलीत तालमीला खूप जण येतात. कदाचित तुम्हीही याल. मला नमस्कार करू नका, माझ्यासोबत फोटो काढू नका. खिळ्यावरून मला काढा आणि जोरात फरशीवर आपटा. लांबी टणक असली तरी भोपळा ठिसूळ आहे. मग तुकड्यांतून दोन्ही नळ्या वेचा आणि पिंपळनेरच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती द्या. जीवरामआबांच्या म्हणून सांगा, पोचतील.

माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका. फक्त हात कचरू देऊ नका.