बोटं ताईंची, पाय चिमणीचे

ताईंचा पाय घोट्यात मोडला तो प्रार्थनामंदिराच्याच पायरीवर, आणि तोही वर्धापनदिनाची उपासना तोंडावर आलेली असताना. ताई तिथल्या ख्रिस्ती मंडळीची पायपेटी वाजवायच्या. हातांनी सूर धरायचे आणि पायांनी दोन पेडल आळीपाळीने दाबून भात्यात वारा भरायचा, असं ते जुनं वाद्य. ताईंची बोटं शाबूत होती, पण वारा कोण देणार?

आधी बेकरीवाल्याने करून पाहिलं. गाणाऱ्यांत त्याचा खर्ज सगळ्यात भरदार, पण पाय असे आपटायचा की पेटीलाच धाप लागली. शेवटी गायनमास्तरांनी चाचरत विषय काढला. मास्तर एरवी चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचे. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"ताई, रागावू नका. चिमणीला विचारू का?"

चिमणी ही ताईंची धाकटी जाऊ. नवी नवरी होऊन आली तेव्हा अंगाने काडी होती, म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं नाव. आता ती दारातून जेमतेम आत यायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दिवसभर शिलाई मशीन चालवायची, त्यामुळे पायांत ठेका होता. अडचण एकच. सासूबाई गेल्यापासून दोघी जावांमध्ये अबोला होता.

सासूबाईंनी डोळे मिटले त्या संध्याकाळी ताई इथे मंदिरात तालमीला आल्या होत्या आणि उशाशी चिमणी एकटी होती. दफनाच्या वेळी ताईंना रडू फुटलं, तेव्हा सगळ्यांदेखत ती म्हणाली, "आता कशाला? पेटी वाजवायची होती ना? जा, वाजवा." "तू जा, मला बरं वाटतंय," असं म्हणून सासूबाईंनीच ताईंना पाठवलं होतं. पण गेलेल्या माणसाची साक्ष काढून स्वतःची सुटका करून घेणं त्यांच्या जिवावर आलं.

चिमणी तालमीला आली. पदर खोचून बाकाच्या डाव्या टोकाला बसली. ताई उजव्या टोकाला, प्लास्टरचा पाय बाजूला काढून. खांद्याला खांदा, पण नजरेला नजर नाही.

"मास्तर, तिला सांगा, एवढी घाई नको."

"मास्तर, यांना सांगा, मला ऐकू येतं."

मास्तर बिचारे दोन्हीकडचे निरोप पोचवत राहिले. बेकरीवाल्याला हसू आवरेना, त्याने गीतांच्या पुस्तकात तोंड लपवलं. ताईंना मात्र हसू येत नव्हतं. हिने ऐन उपासनेत पाय थांबवला तर? एकदा चारचौघांत तोंडघशी पाडलंच आहे. दुसऱ्यांदा पाडायला हिला कितीसा वेळ लागणार? त्या विचाराने रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागेना.

रविवारी मंदिर गच्च भरलं. जादा खुर्च्या पार दारापर्यंत आल्या होत्या. गायकवृंद उठला, मास्तरांचा हात वर गेला. पहिलं कडवं सुरळीत पार पडलं. दुसऱ्यात पुरुषांचे आवाज मिसळले आणि तेवढ्यात खाली काहीतरी फटकन वाजलं. सूर खचला. मधल्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

केलंच हिने, ताईंच्या मनात आलं. त्यांनी मान वळवली. चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. डावं पेडल जमिनीवर लुळं पडलं होतं आणि ती एकट्या उजव्या पायाने जिवाच्या आकांताने वारा भरत होती.

"पेडलची वादी तुटली," ती पुटपुटली.

"चिमणे, थांबू नकोस," ताई म्हणाल्या. "मी वारा कमी खाते."

त्यांनी डावा हात उचलून घेतला. उजव्याचं एकच बोट चालीवर ठेवलं. गाणारे श्वास घ्यायला थांबले की त्याही बोट उचलायच्या, तेवढ्यात चिमणी भाता भरून घ्यायची. हे दोघींनी ठरवलं नव्हतं. ते आपोआप जमत गेलं. वरचे आवाज डळमळले, पण बेकरीवाल्याने खर्ज सोडला नाही आणि बाकीचे त्याच्या आधाराने सावरले. चिमणीची मांडी थरथरत होती, ते ताईंना बाकातून कळत होतं. शेवटच्या ओळीआधी सगळा वृंद क्षणभर थांबला.

"आता," चिमणी म्हणाली.

ताईंनी दोन्ही हात खाली दाबले. पेटी भरभरून वाजली आणि गीत संपलं.

पाळकांनी प्रवचन सुरू केलं. पेटीच्या आडोशाला दोघी घाम पुसत बसल्या. ताई समोर बघतच हळू आवाजात बोलल्या.

"मला त्यांनीच पाठवलं होतं त्या दिवशी."

"ठाऊक आहे. जाण्याआधी त्यांनीच सांगितलं मला."

ताई वळल्या. "आणि तरी तू सगळ्यांसमोर..."

"मी कधी कुणाला मरताना पाहिलं नव्हतं, ताई." चिमणी पदराचं टोक पिळत होती. "हात धरून बसले होते. तो गार पडत चालला. हाक मारायला घरात कुणी नव्हतं. दफनाला तुम्हाला बोलले नसते तर तिथेच कोसळले असते."

पाळक कुठल्या वचनावर आले होते, ताईंना ऐकू येत नव्हतं. इतके दिवस त्या स्वतःवरचा आळ तेवढा उराशी धरून बसल्या होत्या. त्या खोलीत चिमणी कशी बसली असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"मी विचारायला हवं होतं तुला," त्या म्हणाल्या.

"हवंच होतं." चिमणीने नाक पुसलं. "राग अजून गेलेला नाही माझा."

"असू दे."

प्रवचन संपत आलं. मास्तरांनी दुरूनच भुवया उंचावून विचारलं, जमेल ना? शेवटचं गीत बाकी होतं आणि पेडल एकच.

"पायात गोळा आलाय," चिमणी म्हणाली. "जास्त कडवी असतील तर आधीच सांगा."

"तीन आहेत. दोनच घेऊ म्हणते." ताईंनी मास्तरांना दोन बोटं दाखवली आणि बाकावर जरा सरकून तिच्या पायाला जागा करून दिली.