बारा किलोंचा सौदा

यशोधराच्या वाट्याला आलेला सौदा फायद्याचा होता. अंगावरचं बारा किलो वजन द्यायचं आणि बदल्यात नवरा घ्यायचा. साऱ्या अंबरनाथ पश्चिमेत एवढा नफा कुणाला सुटला नसेल.

नवऱ्याच्या, बुद्धभूषणच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि यशोधरा आपली एक द्यायला तयार होती. रक्तगट जुळला, तपासण्या जुळल्या, नडलं ते फक्त तिचं वजन. डॉक्टर म्हणाले, "ताई, बारा किलो उतरवून या, लगेच तारीख देतो." मनाली, त्यांची एकुलती एक, तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनं आधीच सांगून टाकलं होतं, "माझी घ्या ना, पप्पा." त्यावर बुद्धभूषण एवढा भडकला की डायलिसिसच बंद करीन म्हणाला. विषय मिटला.

यशोधरानं भात सोडला, साखर सोडली. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ब्लाउजांना हुक लावत काकडी चावायची. बदलापूरहून नणंद दुधी घेऊन यायची, समोर बसून रस पाजायची.

"वृंदाताई, यापेक्षा विष परवडलं."

"पी गं वहिनी. माझा भाऊ काय दुकानात मिळतो का दुसरा?"

पहिले चार किलो भराभर उतरले. मेडिकलबाहेरच्या काट्यावर उभी राहिली की ती आधी चप्पल काढायची, मग ओढणी, आणि मनाली ओरडायची, "मम्मी, बांगड्या पण काढ, तोळाभर तरी कमी भरशील!"

मग काटा अडला.

डाएट भुकेनं मोडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी संसार केलेला नसतो. भूक बिचारी सरळ असते, दटावली की गप्प बसते. मायेला दटावता येत नाही.

बुद्धभूषणचं डायलिसिस उल्हासनगरात व्हायचं, आठवड्यातून तीनदा, सकाळच्या पाळीला. परतताना तो कॅम्प चारच्या नाक्यावर रिक्षा थांबवायचा आणि तेलात तळलेलं सिंधी दाल-पकवान बांधून घ्यायचा. स्वतःला मीठ मोजून, पाणी मोजून. डाळ तर दुरूनच बघायची. घरी आला की पुडी उघडून तिच्यासमोर ठेवायचा, पकवानाचा तुकडा मोडायचा, डाळीत बुडवायचा.

"अहो, नको ना. डॉक्टर काय म्हणाले?"

"एक घास, यशू. तू खाल्लंस की मला चव लागते."

असं म्हटल्यावर कोणती बायको तोंड मिटून घेईल? ती खायची. तो भिंतीला टेकून, सुईची पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बघत राहायचा. एका घासाची पुडी व्हायची. मग ती ओठ पुसायची आणि कागद मनालीच्या नजरेला पडू नये म्हणून चिंध्यांच्या पिशवीत कोंबायची.

डॉक्टरांनी दोनदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा ते जरा कडकच बोलले. रिक्षात बुद्धभूषण तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "जाऊ दे गं, चाललंय ना माझं." नवऱ्याच्या आवाजातली सुटका तिनं ओळखली. सतरा वर्षं तिनं मापं घेण्यात घालवली होती, इतकं तर कळणारच. आणि तिलाही हायसंच वाटलं होतं.

उन्हाळ्यात त्याला जंतुसंसर्ग झाला. ताप उतरेना, संसर्ग रक्तात गेला. हॉस्पिटलात मनाली औषधं आणायला खाली गेली तेव्हा त्यानं बायकोला जवळ बोलावलं.

"यशू, चव-बिव काही नव्हती गं. तू ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार, हे मला बघवत नव्हतं. तुला काही झालं असतं तर पोरीचं काय?"

"माहीत होतं मला."

"माहीत होतं? मग खायचीस कशाला?"

तिनं त्याची चादर नीट केली. तिसऱ्या दिवशी उत्तर ऐकणारा राहिला नाही.

पुण्यानुमोदनाला माणसं बरीच आली. वंदना झाली, चार लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलले, जेवणं उरकली. वृंदाताई ताट घेऊन मागे लागल्या, "वहिनी, दोन घास तरी." यशोधरानं ताट बाजूला सरकवलं. जे दुधीला जमलं नाही ते दुःखानं पंधरवड्यात करून दाखवलं होतं, ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता.

पाहुणे पांगल्यावर मनाली येऊन बसली. चिंध्यांची पिशवी तिनंच आवरली होती, त्यातले तेलकट कागद तिच्या हातात होते.

"मम्मी, पप्पांसाठी खायचीस ना तू हे?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पोरीनंच तयार करून दिलेलं उत्तर, नुसती मान हलवायची. यशोधरानं मान हलवली नाही.

"भीती वाटायची गं. तुझ्या वेळचं सिझेरियन आठवायचं. ते आणायचे, मला बरंच वाटायचं. त्यांच्या नावावर खपवत होते मी."

मनाली कागदांच्या घड्या घालत राहिली. मग हळूच म्हणाली,

"मला नव्हती वाटत भीती."

बुद्धभूषणनं बायकोला वाचवलं आणि जीव दिला. यशोधरानं स्वतःला वाचवलं आणि नवरा दिला. दोघांनीही आपापल्या भीतीचे पैसे आपणच भरले, असं म्हणता आलं असतं. पण मनालीनं काहीच वाचवलं नव्हतं, तरी बाप तिचाही गेला.