कान्हाचा मुका

शिरवणे गावामागच्या डोंगरात दगडाची खाण चालायची, तेव्हा तिथे सुरुंग भरून पेटवायचं काम कान्हाकडे होतं. सुरुंग फुटला की खाणीतली माणसं म्हणत ‘बोलला’, आणि न फुटता राहिला तर तो ‘मुका’. आता मुका म्हटलं की आपल्या भाषेत दुसरंही एक गोड काहीतरी आठवतं, आणि गावाला तेच आधी आठवणार, त्याला कोण काय करणार?

खाण बंद झाली त्या दिवशी कान्हाने पाच सुरुंग पेटवले होते. दर आवाजाला डाव्या हाताचं एक बोट मिटायची त्याची सवय. त्या दिवशी अंगठ्यापासून चार बोटं मिटली आणि करंगळी ताठ उभी राहिली. “एक मुका रायला,” तो म्हणाला. मुकादम म्हणाला, दोन आवाज एकदम झाले असतील. कड्यावर शोधलं, तर न फुटलेल्या सुरुंगाचं भोक कुठेच दिसेना. मालकाने सामान गुंडाळलं, माणसं पांगली, कान्हा मात्र हटला नाही. पुढची सगळी वर्षं तो रोज खाणीतल्या एका सपाट धोंड्यावर जाऊन बसायचा आणि कड्याकडे वळणारी गुरं नि पोरं हाकलून लावायचा.

“काय कान्हादादा, आज तरी मुका मिळाला का?” गाव विचारायचं. शाळेतली पोरं त्याला बघून करंगळी वर करत, गुरुजींकडे बाहेर जायची परवानगी मागतात तशी. त्याच्या मुलाने, तेजसने, ती करंगळी इतकी सोसली की बापाबरोबर रस्त्याने चालणंच त्याने सोडून दिलं. कान्हा वारला तेव्हाही ते बोट ताठच होतं. त्याच्या बायकोने, विमलबाईंनी, ते मिटून पाहिलं, मग तसंच राहू दिलं.

आता त्या खाणीच्या जागी मुलांची बाग व्हायची होती, आणि नशिबाचा खेळ बघा, कंत्राट मिळालं तेजसला. पोकलेन आलं, नारळ आला. विमलबाईही आल्या आणि पोकलेनच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या.

“तुज्या बापाचा मुका या डोंगरान हाय,” त्या म्हणाल्या. “त्यो निंगेपरत मशीन हलनार नाय.”

“आये, बाबा गेला. आता तरी सोड ना. लोक परत हसतील.”

“हसूं दे. मेलेलं मानूस परत हसत नाय.”

तेजस चिडला, पण आईच्या अंगावर मशीन घालणार कसा? त्याने पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला कळवलं. पथकाचं धातू शोधणारं यंत्र खाणीत पाऊल टाकताच जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. छिन्न्या, पहारींचे तुकडे, बाटल्यांची बुचं, सगळी माती लोखंडाने भरलेली. सुरुंगाची कांडी तर कागदात गुंडाळलेली, तिच्यात धातू नखाएवढा. कुत्रा आणला, तो शेजारच्या कारखान्यांच्या वासाने शिंकून बेजार झाला. शेवटी पथकाच्या साहेबांनी निशिगंधाला बोलावलं. ही जवळच सीवूड्सला राहणारी, प्रयोगशाळेत याच विषयावर काम करणारी बाई.

निशिगंधाने डबा उघडला आणि विमलबाईंनी कपाळाला हात लावला.

“पोरी, उपासाचा साबुदाना मातीन टाकतंस?”

“साबुदाणा नाही मावशी,” निशिगंधा हसली. “या एकेका दाण्यात लाखो जिवाणू आहेत. दह्याच्या विरजणात असतात तसलेच, फक्त यांना आम्ही एक काम शिकवलंय. सुरुंगातली दारू वर्षानुवर्षं मातीत थोडी थोडी झिरपते. ती यांना लागली की यांनी चमकायचं. चमकायचा गुण समुद्रातल्या जेलीफिशकडून घेतलाय.”

विमलबाई डब्याकडे बघतच राहिल्या. खाडीच्या पाण्यात पाय घातल्यावर उजेड सांडताना त्यांनी लहानपणी पाहिला होता, तेव्हा त्याला हात जोडले होते. आत्ताही त्यांचे हात आपसूक जुळले. अख्ख्या गावाला जे पटलं नाही ते या न दिसणाऱ्या जिवांना विचारायचं होतं. ड्रोन सगळ्या खाणीवर दाणे पेरत फिरला, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळे लांब, काठावर जमले.

निशिगंधाने विमलबाईंच्या डोळ्यांवर केशरी काचांचा चष्मा चढवला आणि लेझरचा निळा झोत कड्यावर सोडला. झोत वरपासून खालपर्यंत फिरला. पुन्हा फिरला. कडा काळाकुट्ट.

 तेजसने हळूच आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताचंच विमलबाईंना जास्त लागलं. आपला माणूस खरंच खुळा होता का? इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. आज तो विचारावा लागला.

“थांबा,” निशिगंधा म्हणाली. “खालची माती राहिली आहे.”

झोत खाली उतरला आणि मातीत हिरवा उजेड उमटला. आधी एक ठिपका, मग चार, मग ठिपकेच ठिपके. खाली, सपाट जमिनीवर, एका धोंड्याच्या चहूबाजूंनी हिरवं रिंगण पेटलं होतं. भाताचं रोप पहिल्यांदा वर येतं तेव्हा जमीन जशी दिसते, तसा तो रंग होता. विमलबाईंनी तो धोंडा ओळखला. त्यावर बसून त्यांनी कान्हाबरोबर भाकरी आणि सुके बोंबील खाल्ले होते. कड्यापासून लांब म्हणून गावच्या पोरांना कान्हा तिथेच बसवायचा.

“चौथा सुरुंग फुटला, तेव्हा पाचव्याचा दगडच तुटून खाली इथवर घरंगळत आला असणार,” साहेब हलक्या आवाजात म्हणाले. “भोकाचं तोंड जमिनीकडे. वर शोधून दिसणार कसं?”

“म्हंजे त्यो ज्याला शोदत व्हता,” विमलबाई म्हणाल्या, “त्याच्यावरच बसला व्हता.”

तेजस दचकून त्या धोंड्याकडे वळला. बागेच्या पायऱ्या तिथूनच सुरू होणार होत्या. पोकलेनचा पहिला घाव त्या धोंड्यावरच पडणार होता आणि धोंडा कसा उचलायचा ते दाखवायला तो स्वतः शेजारी उभा राहणार होता. त्याने हे सांगितलं नाही, पण विमलबाईंना त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं. त्यांनी पुन्हा त्या हिरव्या रिंगणाकडे पाहिलं. डोळ्यालाही न दिसणारे जीव, आणि ते त्यांच्या माणसाची साक्ष देत होते. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी येऊ दिलं.

सकाळी पथकाने वाळूच्या गोण्या रचल्या, सगळ्यांना दूर नेलं आणि तार अंथरून लांबून कळ दाबली. मोठा आवाज झाला. डोंगराने तो एकदा परत दिला, कावळे उडाले, मग सगळं गप्प झालं.

“बोलला,” विमलबाई म्हणाल्या.

त्यांनी शेजारी पाहिलं. तेजसने डावा हात छातीशी धरला होता. चार बोटं मिटलेली होती, आणि तो करंगळी हळूहळू मिटत होता.